कोणाच्या घरी आली?

धार, १८ ऑगस्ट २०२५
श्रावणातला शेवटचा सोमवार

सौ. कृतिका हीस अल्पनाचे अनेक आशीर्वाद.

माझं पत्र आलेलं पाहून भाऊजींनी आधी विचारलं असेल, कोण गेलं? कोणी गेलेलं नाही. मी आहे आणि राहणार आहे. सासूबाई गेल्यापासून दोन वर्षं आपण जावाजावा एकमेकींशी बोललो नाही, तेव्हा आता एकदम फोन करणं मला जमणार नाही. फोनवर माझा आवाज चढतो, आणि डॉक्टरांनी कसलाही जोर करायला मनाई केली आहे. शिवाय तू हिंदी शाळेत शिकलेली, मराठी अक्षर अक्षर लावून वाचतेस. तेवढा वेळ तरी माझ्यासाठी बसशील.

यांनी तुमच्याकडे 'अल्पनाची जरा तब्येत' एवढंच सांगितलं असणार. पुरुषांना त्यापुढचं सांगता येत नाही. माझं अंग खाली येत होतं, त्याचं ऑपरेशन इंदूरला झालं. ते चांगलं झालं. पण लघवीची नळी काढली तर लघवीच होईना. बाथरूमचा नळ सोडून ठेवला. नेहा बाजूला उभी राहून लहान बाळाला करतात तसं 'शू शू' करत राहिली. चोवीस वर्षांची मुलगी, पन्नाशी उलटलेल्या आईला. काही उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, मूत्राशय रुसलंय, घाबरू नका, परत नळी घालून काही दिवस राहू दे, मग काढून बघू. ते 'मग' म्हणजे महालक्ष्म्यांच्या नंतर. तोवर मी नळी आणि पिशवी घेऊन घरी आले आहे.

नळी म्हणजे काय प्रकार असतो ते ज्याला लागली त्यालाच कळावं. दुखतं असं म्हणता येत नाही. लघवी आपोआप पिशवीत जात असते आणि तरी सारखं वाटतं, आता उठावं, आता होईल. उठून करणार काय? कूस बदलली की नळी आतून ओढ देते, आणि मधूनच ओटीपोटात अशी कळ येते की हातातला चमचा हातातच राहतो. पिशवी नेहमी कमरेच्या खाली हवी. बसताना खाली, निजताना खाली, चालताना हातात. घरभर फिरते ती भाजीला निघाल्यासारखी. इंदूरच्या हॉस्पिटलातली सिस्टर डहीकडची, निमाडी बोलणारी होती. सुटी देताना तिने बजावलं, "माताजी, नली के मोड़जो मती, ने पाणी घणो पीजो." म्हणजे नळी मुडपू नका आणि पाणी भरपूर प्या. परवा शेजारीण बघायला आली. हिंदीवाल्यांचा सावन राखीलाच संपतो, तर माझा उपास पाहून म्हणाली, "आपका सावन अभी तक चल रहा है?" म्हटलं, बाई, आमचं सगळंच लांबलंय.

आता मुद्द्यावर येते. यंदाही महालक्ष्म्या मीच आणणार आहे.

आपल्या घरची रीत तुला सासूबाईंनी सांगितली असेलच, तुला त्या सगळंच सांगत. आवाहनाच्या दिवशी जी सून तुळशीपासून सुपात मुखवटे घेऊन येते, तिला उंबऱ्याशी थांबवून घरातली बाई तीन प्रश्न विचारते. कोण आलं? महालक्ष्मी आली. कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी आली. कोणाच्या घरी आली? तिथे ती आपल्या घरचं नाव घेते, आणि ज्या घरचं नाव घेतलं त्या घरच्या महालक्ष्म्या. पुढच्या वर्षीपासून कायमच्या. आजेसासूबाईंच्या आधी त्या देवासलाच होत्या. तिथली थोरली ऐन भाद्रपदात बाळंतीण झाली, धारची धाकटी, म्हणजे आजेसासूबाई, मदतीला म्हणून गेली, सूप उचललं, आणि धारच्या घरचं नाव घेऊन मोकळी झाली. तेव्हापासून त्या इथे आहेत. आता तू देवासची आणि तूच धाकटी. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

सव्वीस वर्षं या घरात मी पुरण वाटलं, सोळा भाज्या चिरल्या, आंबील ढवळली. आणि शेवटच्या दुखण्यात सगळ्या गोतासमोर सासूबाई काय बोलल्या? "साड्या कृतिकानेच नेसवाव्यात. तिच्या हाताला देवी दिसते." वर्षातून तीन दिवस येणाऱ्या तुझ्या हाताला. गेल्या वर्षी तू आली नाहीस, मी नेसवल्या, तर कनिष्ठेचा पदर जरा घसरला. चुलतसासूबाई लगेच म्हणाल्या, कृतिका असती तर. मला राग आला असं नाही म्हणत. मी जळले. या वयात खोटं कशाला बोलू?

म्हणून यंदाही तू येऊ नकोस. एवढंच सांगायला लिहिलं.

अल्पना


धार, २२ ऑगस्ट

सौ. कृतिकास आशीर्वाद.

येऊ नकोस म्हटलं तर तू पार्सल पाठवलंस. बसवाल्याने नेहाला फोन केला, ती जाऊन घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "आई, काकूने क्या भेजा है देख!" समोरून उघडणारे दोन सुती गाऊन. आणि पिशवीला घालायला निळ्या चौकड्याची थैली, खांद्यावर अडकवायला लांब बंद असलेली. बंद मोजून इतका लांब की पिशवी बरोबर कमरेखाली राहते आणि माझे दोन्ही हात मोकळे. टाके पाहिले. उलटीकडूनही पाहिले. एक जरी वाकडा सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

यांना विचारलं, माझ्यासाठी असं काही करावं हे तुमच्या मनात आलं का? हे म्हणाले, मला कुठे शिवता येतं? नेहा म्हणाली, "काकू कितना सोचती है यार." मी हिला जन्म दिला, पण हिच्या त्या 'यार'पर्यंत मी कधी पोचले नाही.

थैली वापरते आहे. सोय आहे म्हणून, आवडली म्हणून नाही.

पार्सलमधल्या चिठ्ठीत तू विचारलंयस, नली कौन-सी तरफ से जाती है, खिंचती तो नहीं. डाव्या मांडीवरून जाते. मांडीच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून बसवली आहे, थोडी ढील ठेवून, म्हणजे पाय हलला तरी आत ओढ बसत नाही. दिवसा बाहेर जायचं असेल तर पोटरीला बांधायची लहान पिशवी निराळी आहे. रोज साबण-पाण्याने धुवायचं, पावडर-बिवडर काही नाही. कळ आली की आवळून धरायचं नाही, लांब श्वास घ्यायचा, ती येते तशी जाते. हे तुला का सांगते आहे? विचारणारी तू एकटीच आहेस. बाकी सगळे 'आता कसं वाटतंय' म्हणतात आणि उत्तर यायच्या आत चहा पितात.

गुरुजींना विचारलं, नळी लागलेल्या बाईने सोवळ्यात मुखवटे उचलावेत का? इथल्या गुरुजींनी डोकं खाजवलं, म्हणाले, शास्त्रात नळीचा उल्लेख नाही. उज्जैनच्या गुरुजींनी स्वच्छ नाही म्हटलं. मग इंदूरला फोन केला. ते म्हणाले, आपद्धर्म आहे, पिशवी रिकामी करून, हातपाय धुऊन खुशाल करा. इंदूरचे गुरुजी फार विद्वान आहेत, मी त्यांचंच मानायचं ठरवलंय.

तेव्हा प्रश्न एवढाच, पिशवी रिकामी राहायला हवी. त्याचा उपाय माझ्याकडे आहे. पाणी कमी प्यायचं. नेहा दर तासाला ग्लास घेऊन उभी राहते, मी घोटभर पिते आणि बाकीचं तुळशीला घालते. तुळस यंदा भलती टवटवीत आहे.

अल्पना


धार, २८ ऑगस्ट
ऋषिपंचमी

सौ. कृतिका,

यांनी तुम्हाला बोलावलं हे मला आज कळलं. गणपती बसल्यावर, आरती झाल्यावर, भाजी चिरता चिरता सांगितलं. "अगं, ते दोघं येताहेत आवाहनाला. तुला होणार आहे का एकटीला?" मला होणार आहे का एकटीला! सव्वीस वर्षं कोणाला होत होतं? त्याआधी पडवीत बसून भाऊजींशी फोनवर हसत होते, ते मी ऐकलं. तूही मधूनच बोललीस. तुझं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण यांचं हसणं ऐकू आलं. माझ्याशी बोलताना हे असे हसल्याला किती वर्षं झाली असतील, मी आठवायला बसले आणि सोडून दिलं.

बरं, या. आलेल्याला परत पाठवण्याची आपल्या घरी पद्धत नाही. पण काही गोष्टी आधीच सांगून ठेवते. सूप मी उचलणार. साड्या मी नेसवणार. तुझ्या हातात दूध-पाण्याचा तांब्या राहील, उंबऱ्यावर पाय धुवायला तू. प्रश्न नेहा विचारील, गेल्या वर्षीही तिनेच विचारले होते. स्वयंपाकघरात यायचं असेल तर ये, पुरण वाटायला कोणीतरी लागेलच.

आणि माझ्याकडे दयेच्या नजरेने बघायचं नाही. मी आता पुष्कळ सरावले आहे. निजताना उजव्या कुशीवर निजायचं आणि पिशवी पलंगाच्या कडेला अडकवायची, म्हणजे ओढ बसत नाही. जिना चढताना आधी उजवा पाय. शिंक आली तर आधी बसून घ्यायचं. गंमत म्हणजे पिशवीही हल्ली फार कमी भरते. रंग जरा गडद दिसतो, चहाच्या उकळीसारखा, पण तो औषधांचा असेल. ओटीपोटातल्या कळा वाढल्या आहेत. त्याही औषधांच्याच असतील.

नऊवारी काढून ठेवली, सासूबाईंची जांभळी. तुला माहीत आहे, काष्टा घातल्याशिवाय आपल्याकडे मुखवट्यांना हात लावत नाहीत. नेहा म्हणते गाऊनवरच कर, देवी समजून घेईल. म्हटलं, देवी घेईल, चुलतसासूबाई घेणार नाहीत.

तुमच्या देवासच्या टेकरीवर मोठी माता आणि छोटी माता, सख्ख्या बहिणी, भांडून एकमेकींकडे पाठ करून बसल्या म्हणतात. लोक दोघींनाही नारळ फोडतात, पण आधी कोणाला फोडायचा यावरून अजून वाद घालतात. ते आठवलं, म्हणून लिहिलं. त्यातून काही अर्थ काढायला बसू नकोस.

येताना गाडी सावकाश आणा. मांडूला जाणाऱ्यांची रस्त्यावर फार गर्दी असते या दिवसांत.

अल्पना


घरीच, १ सप्टेंबर, दुपारी

कृतिका,

तू मधल्या खोलीत पंगत वाढते आहेस. 'थोडं पुरण घ्या ना, काकू' म्हणतेस ते मला इथे पलंगावर ऐकू येतं आहे. तरी लिहिते, कारण तोंड उघडलं तर भांडण होईल आणि आज घरात महालक्ष्म्या जेवताहेत. तू निघताना तुझ्या पर्समध्ये टाकीन.

काल काय झालं ते तुला बाहेरून माहीत आहे. मी आतून सांगते.

सकाळी पिशवी रिकामी केली, अंघोळ केली, पोटरीला लहान पिशवी बांधली आणि जांभळी नऊवारी नेसले. काष्टा नेहमीसारखा घट्ट ओढून मागे खोचला. पाणी पहाटेपासून तोंडात घेतलं नव्हतं. तुम्ही आलात, चहा झाला, बायका जमल्या, आणि तोवर पोटरीला हात लावून मी दोनदा पाहिलं. पिशवी कोरडी! पाणी प्यायलं नाही म्हणून थोडं कमी समजू शकते, पण एक थेंब नाही? मला वाटलं आईने माझी लाज राखली. मी मनात तुला म्हणालेसुद्धा, बघ, तुझ्या हाताला देवी दिसते, माझ्यासाठी ती पाणी अडवून धरते.

तुळशीपाशी सूप उचललं आणि ओटीपोटात दगड झाला. कळ नाही, दगड. घाम सुटला. समोर तू तांब्या घेऊन उभी होतीस, मोरपंखी साडीत, केस नीट बांधलेले, आणि माझ्याकडे टक लावून बघत होतीस. मला वाटलं, हिची नजरच लागली. आता खाली पडले तरी पडेन, पण सूप हिच्या हातात जाऊ देणार नाही. दोन पावलं टाकली. तिसरं टाकता येईना.

तू तांब्या खाली ठेवलास. माझ्या हातातलं सूप काढून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलंस. मी म्हटलं, हात लावू नकोस. तू म्हणालीस, "वहिनी, डावी मांडी ना? नळी काष्ट्यात दब गई है." आणि सगळ्या भाऊबंदांच्या बायकांसमोर, चुलतसासूबाईंसमोर, पाठीमागे हात घालून माझा काष्टा ओढून काढलास.

बायकांनी पदर तोंडावर घेतले. माझा हात तुला मारायला उठलाही होता. तेवढ्यात नळी सरळ झाली असावी, कारण पोटरीवरची पिशवी ऊन ऊन भरायला लागली आणि पोटातला तो दगड विरघळत गेला. मला रडू आलं. नेहाच्या जन्मानंतर जीव इतका मोकळा कधी झाला नव्हता. थोडं बाजूनेही गळलं, तुझ्या मोरपंखी साडीवर. तू तिकडे बघितलंही नाहीस.

मग नेहाने इंदूरला फोन लावला आणि डॉक्टरांनी झापलं. पाणी तोडायला कोणी सांगितलं? नळीवर काष्टा कोण घालतं? म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर महागात पडलं असतं, लघवी तपासायला पाठवा, तांब्याभर पाणी प्या आणि पडून राहा. तुम्ही मला या पलंगावर आणून निजवलंत. आणि महालक्ष्म्या राहिल्या बाहेर, तुळशीच्या कट्ट्यावर, सुपात.

तुझी दुसरी अंघोळ, दुसरं सोवळं, सगळं मला इथून ऐकू येत होतं. वेळ संध्याकाळपर्यंतचीच होती. दुसरी सून घरात नाही. शेवटी तूच सूप उचललंस. नेहा उंबऱ्याशी उभी राहिली. पहिला प्रश्न विचारायला तिने तोंड उघडलं आणि मी इथून ओरडले, "गप्प बस. मी विचारणार."

आणि मग मी विचारलं नाही.

हे तुला बाहेर कळलं नसेल, म्हणून सांगते. बायकांना वाटलं माझ्यात त्राण नाही. त्राण होतं. मी जाणूनबुजून गप्प पडले होते. मी विचारलं की तू आत येणार, आत आलीस की तिसऱ्या प्रश्नाला देवासचं नाव घेणार, आणि माझं घर कायमचं रिकामं. विचारलंच नाही तर? तर यंदा त्या कोणाच्याच नाहीत. ते मला चालत होतं. माझ्या नाहीत तर तुझ्याही नाहीत, एवढंच डोक्यात होतं. नेहा आत येऊन म्हणाली, "आई, काकू कबसे खडी है." मी भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात मला साधी कळ आली, नळीवाल्यांना येते ती. मी कण्हले असेन. आणि तू बाहेरून, हातात दोन्ही देवी घेऊन, उन्हात उभी राहून म्हणालीस, "वहिनी, लांब श्वास घ्या. येते तशी जाते." माझंच वाक्य, मी तुला पत्रात लिहिलेलं. माझ्या हट्टाला तू माझी कळ समजलीस आणि ती जायची वाट बघत उभी राहिलीस.

मग मी विचारलं. कोण आलं? तू सांगितलंस. कशाच्या पावलांनी आली? तेही सांगितलंस. तिसरा कसाबसा विचारला, कोणाच्या घरी आली?

तू म्हणालीस, "अल्पनावहिनींच्या घरी आली."

बायकांनी डोळ्याला पदर लावले. चुलतसासूबाईंनी तर तिथेच तुझी दृष्ट काढली. मला आनंद व्हायला हवा होता ना? माझ्या महालक्ष्म्या माझ्याकडे राहिल्या. पण कालपासून या घरात जो येतो तो तुझं गातो. काय मन आहे मुलीचं, हातात आलेली लक्ष्मी थोरलीला दिली. साड्या तूच नेसवल्यास, त्या मी इथून दाराच्या फटीतून पाहिल्या. सासूबाई खरं बोलत होत्या. तेही मला सहन होत नाही.

तू मला माझंच दैवत दिलंस, कृतिका. दिलेलं मला नको होतं. हिसकावून घेतलं असतंस तर मला तुझ्याशी जन्मभर भांडता आलं असतं. आता काय करू? का नाही घेतल्यास? मोठेपणा मिरवायला? माझी कीव आली म्हणून? खरं कारण लिहून पाठव. तोंडी सांगू नकोस, तोंडी तू गोडच बोलशील.

पंगत उठली वाटतं. नेहा पाण्याचा ग्लास घेऊन आली आहे. आता सगळा पिते, तुळशीला घालत नाही.

अल्पना


धार, ११ सप्टेंबर

सौ. कृतिकास अनेक आशीर्वाद.

काल इंदूरला जाऊन नळी काढून आले. काढताना फार काही झालं नाही. सिस्टरने लांब श्वास घ्यायला सांगितला आणि मी घ्यायच्या आतच ती नळी तिच्या हातात होती. खरी भीती त्यापुढची. पाणी पाजून त्यांनी मला फिरायला लावलं आणि मग बाथरूममध्ये बसवलं. नेहाला मी ताकीद दिली होती, बाहेर उभी राहा आणि 'शू शू' करू नकोस. आधी काही नाही. मी भिंतीवरच्या फरश्या पाहत बसले. परत नळी घालतील, परत पिशवी, परत सगळं, असं मनात येऊन रडकुंडीला आले. आणि मग झाली. आधी थेंब थेंब, मग नीट. मी आतूनच ओरडून नेहाला सांगितलं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोन अनोळखी बायकांनीही टाळ्या वाजवल्या. अजून जरा आग होते, पण ती दोन दिवसांत जाईल म्हणाले. लघवीच्या तपासणीत जंतू निघाले होते, त्याच्या गोळ्याही संपत आल्या.

गाऊन धुऊन ठेवले आहेत. ते परत पाठवणार नाही, मला ते बरे पडतात. तुझ्या मोरपंखी साडीवर डाग राहिला का ते तू सांगितलं नाहीस. राहिला असेल तर सांग, नवी घेऊन देईन, आणि नको म्हणायचं नाही. माझ्याकडूनही तू काहीतरी घ्यावंस असं मला फार वाटतंय.

पुढच्या वर्षीपासून साड्या तूच नेसव. हे मी गोताला सांगून टाकलं आहे, चुलतसासूबाईंनाही. मी बाजूला बसून चुका काढीन. एकही सापडली नाही तर एखादी मनानेच काढीन.

आता तुझ्या चिठ्ठीबद्दल. मी खरं कारण लिहून पाठव म्हटलं होतं. तू पाठवलंस, मराठीत, शाळेतल्या मुलासारख्या मोठाल्या अक्षरात. तुला ते लिहायला किती वेळ लागला असेल ते अक्षरांवरूनच कळतं. तीनच ओळी. "वहिनी, देवासला मला दोन खोल्या आहेत. सासर धारला आहे. महालक्ष्म्या इकडे आल्या असत्या, तर तुम्ही आल्या असत्या का?"

पितृपक्ष सुरू झालाय, घरात कामं आहेत, तरी मी त्या तीन ओळी घेऊन रोज बसते. पहिल्यांदा राग आला. हा काय प्रश्न झाला? नंतर 'आले असते की' असं लिहून पाहिलं, ते फाडलं. मग 'प्रकृतीवर अवलंबून' असं लिहिलं, तेही फाडलं. यांना विचारलं, मी गेले असते का हो? यांनी वर्तमानपत्र वर केलं.

नसते आले, कृतिका. काहीतरी कारण काढलं असतं. ऑपरेशन, यांचे गुडघे, नेहाची नोकरी. दारात गाडी पाठवली असतीस तरी आले नसते. इथे बसून तुझ्या साड्यांना, तुझ्या पुरणाला नावं ठेवली असती, आणि दर भाद्रपदात नव्याने जळले असते. आणि तू? मी 'येऊ नकोस' म्हणून चांगलं अक्षर काढून लिहिलं होतं, तरी आलीस. तुझ्या हाताचं, तुझ्या शिवणाचं, सासूबाईंच्या त्या वाक्याचं मला जे वाटतं, त्याची आता सवय झाली आहे. पण मी नसते आले आणि तू आलीस, याचा जो हेवा वाटतो, तो काही केल्या जात नाही.

तुझी जाऊ,
अल्पना